भास्करचे कान

गाणगापुरात कुणाचं काही अडलं तर माणूस आधी देवळात जातो आणि मग माझ्याकडं येतो, असं मी पुष्कळ वर्षं समजत होतो. खरी गोष्ट अशी, की देवळातून बाहेर पडणाऱ्या बऱ्याच लोकांना माझ्या लॉजवरूनच जावं लागतं, आणि मी पायरीवर बसलेला असतो. त्यांना दुसरी वाटच नसते.

माझं नाव उद्धवराव. मूळचा हुमनाबाद तालुक्यातल्या दुबलगुंडीचा. गावी शेती आहे. ती धाकटा भाऊ बघतो, आणि मी लक्ष काढून घेतल्यापासून ती बरी चाललीय. तूर कधी पेरावी, किती खोल पेरावी, यावर मी पारावर इतकं बोलायचो की आमच्या रानात पेरणीच मागं पडायची. शेवटी भाऊच म्हणाला, "दादा, तू गाणगापूरला जा. तिथं रोज नवे लोक येत्यात. तुझं बोलणं त्यांनी ऐकलेलं नसतंय."

तेव्हापासून देवळामागच्या गल्लीत आमचा हा लॉज आहे. लॉज म्हणजे थोड्या खोल्या, एक गच्ची आणि खाली स्वयंपाकघर. पाहुणे सोलापूर, पुणे, नांदेड, बार्शीकडचे. माझी बायको विजयश्री सगळं चालवते, आणि मी आलेल्यांना सल्ले देतो. पारायणाला बसणाऱ्यानं काय खावं, गुडघ्याला काय चोळावं, पोरीचं लग्न जमत नसेल तर कुठल्या दिशेचं स्थळ बघावं, माझ्याकडं सगळ्याला उत्तर असतं. दुसऱ्याचं ऐकून घ्यायची पाळी मात्र माझ्यावर सहसा येत नाही. विजयश्री पाहुण्यांदेखत सांगते, "ह्यांचे कान नुसते चष्मा अडकवायला हायत."

अशा घरात भास्कर आला.

पुण्याचं एक जोडपं आपल्या कुत्र्याला घेऊन उतरलं होतं. तपकिरी रंगाचा, बुटका, लोकरीसारख्या केसांचा. कॉकर स्पॅनियल की काय म्हणतात ती जात. कान इतके लांब, की तो पाणी प्यायला वाकला की त्याच्या आधी कान पाणी प्यायचे. निघायच्या दिवशी तो गृहस्थ म्हणाला, आमच्या सोसायटीत कुत्र्यांवरून भांडणं पेटलीत, आठवडाभर ठेवून घ्याल का? दत्ताच्या दारात कुत्रा म्हणजे तुम्हालाही पुण्यच. मी छाती पुढं काढून म्हटलं, "बिनघोर जावा. मला कुत्र्यातलं सगळं कळतंय."

कुत्र्यातलं मला एवढंच कळत होतं की त्याला चार पाय आणि एक शेपूट असतं. आणि ह्याचं शेपूटही अर्धंच होतं.

आठवडा गेला, महिना गेला. पुण्याचा फोन आधी व्यस्त लागायचा, मग बंद लागायला लागला. कुत्र्याचं नाव त्यांनी ऑस्कर ठेवलं होतं. विजयश्री म्हणाली, "असलं नाव माझ्या तोंडात बसत न्हाई," आणि तिनं त्याचं भास्कर केलं. कुत्र्यानं ते चटकन मान्य केलं. पंचाईत झाली ती सोलापूरच्या एका खऱ्या भास्कररावांची. ते पहाटे उठून खोलीत पोथी काढत होते, आणि स्वयंपाकघरातून आवाज आला, "भास्कर, भाईर हो आधी! पायपुसण्यावर पुन्हा मुतलास तर बघ!" गृहस्थ पिशवी घेऊनच बाहेर आले. त्यांची समजूत काढायला मला फार बोलावं लागलं. विजयश्री म्हणते, मी बोललो नसतो तर ते राहिले असते.

गाणगापुरात कुत्र्याला कमी नाही. दत्ताच्या पायाशी कुत्री असतात, म्हणून इथं येणारा माणूस रस्त्यातल्या लुतभऱ्यालाही हात जोडतो. आमचा तर झुपकेदार. दुपारी मधुकरी मागणारे लोक आपल्या झोळीतली भाकरी त्याला मोडून घालायचे, बायका शिरा आणि पेढे भरवायच्या. "केवढे लांब कान! भाग्यवान जीव." सकाळी पाहुणे संगमावर आंघोळीला निघाले की भास्कर सगळ्यांच्या आधी रिक्षात चढून बसायचा, आणि तिकडं भीमेच्या पाण्यात थेट उडी. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानानं सांगायचो, "आमच्या भास्करला रोज संगमस्नान. आपल्याला तरी कुठं घडतंय?" मला खरंच घडत नव्हतं. मी लॉजवर गरम पाण्यानं आंघोळ करायचो.

त्या वर्षी पाऊस ओसरत असताना लॉजमध्ये एक वास यायला लागला. कसला ते कळेना. आंबलेल्या पिठाला जुन्या मोज्यात बांधून ठेवावं तसा. कधी पायरीवर, कधी जिन्यात, कधी पाहुण्यांच्या खोलीत. वास एका जागी थांबत नव्हता. ह्यावरून एखाद्या शहाण्या माणसाच्या लक्षात आलं असतं, की वासाला पाय आहेत. मी मोरी उपसली. फिनेल ओतलं. पाण्याची टाकी उघडून बघितली. शेवटी तळमजल्यावर उतरलेल्या नांदेडच्या एका गृहस्थांच्या बुटांवर माझा संशय बसला, कारण वास त्यांच्या दारापाशी जास्त होता. तिथं भास्कर दुपारी झोपायचा, हे मला दिसत होतं, पण मी बुटांकडं बघत होतो. ते देवळात गेल्यावर मी त्यांचे बूट गच्चीवर उन्हात ठेवले. उन्हानं बुटांचे तळ सुटून आले. गृहस्थ माझ्या चपला घालून नांदेडला गेले, आणि वास इथंच राहिला.

त्याच सुमारास भास्करमध्ये एक बदल दिसला. संध्याकाळी देवळात आरतीचा ढोल सुरू झाला, की तो पायरीवर उभा राहायचा, मान डाव्या बाजूला वाकडी करायचा आणि तसाच थांबायचा. मधूनच डोकं जोरात हलवायचा. कान फटाफट गालावर आपटायचे. मग पुन्हा मान वाकडी.

हे मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. शपथेवर सांगतो. मी विजयश्रीला हाक मारली. "अगं, हे बघ! आरती ऐकायलाय!"

ती पीठ मळत बाहेर आली, बघून म्हणाली, "मान आवघडली आसंल त्याची."

"तुला भावच न्हाई," मी म्हटलं.

मग काय. मी प्रत्येक पाहुण्याला संध्याकाळी पायरीवर बोलावून दाखवू लागलो. "मागच्या जन्मीचा कुणी सेवेकरी आसंल. ढोल ऐकला की बगा कसा डोलतो." बार्शीच्या एका पोरीनं मोबाईलवर त्याचं चित्रण केलं आणि कुठं कुठं पाठवलं. चार दिवसांत लोक विचारत यायला लागले, "आरती ऐकणारा कुत्रा इथंच का?" मी त्याला झेंडूचा हार घालू लागलो. पायरीवर सतरंजी टाकली. खोल्या भरल्या. ज्यांना खोली मिळत नव्हती तेसुद्धा चहा पिऊन जात होते.

आणि मग कुणीतरी, महादेवाच्या देवळात नंदीच्या कानात मनातलं सांगतात तसं, भास्करच्या कानात सांगून बघितलं. मी अडवायला हवं होतं. उलट मीच म्हणालो, "डाव्या कानात सांगा. मान तिकडं वाकडी करतोय म्हणजे त्याच कानानं ऐकत आसणार."

लोक रांगेनं वाकून बोलायला लागले. कान उचलत मात्र कुणी नव्हतं, वरूनच पुटपुटायचे. भास्कर मागं सरकायचा. मी म्हणायचो, "लाजतो हो."

शेवटी राजूबाई आल्या. औरादकडच्या, साठीच्या, कासोटा घातलेल्या, कुणाचं ऐकून न घेणाऱ्या. जावयानं दारू सोडावी एवढं त्यांना सांगायचं होतं. माझी माहिती पुरी व्हायच्या आत त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, "वरून सांगितल्यावर आत कसं जाईल?" असं म्हणून त्यांनी भास्करचा डावा कान पदर बाजूला सारावा तसा उचलला आणि तोंड जवळ नेलं.

आणि ताडकन मागं झाल्या.

"आग्गं माय! कान न्हवं, मोरी हाय ही!" नाकाला पदर लावून त्यांनी माझ्याकडं बघितलं. "उद्धवअण्णा, कामून बसवलंय ह्या मुक्या जीवाला इथं? ह्याचा कान सडायलाय की!"

पायरीवर माणसं होती. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी हसून म्हटलं, "थोडा मळ आसंल," आणि वाकून कान उचलला. इतक्या दिवसांत त्या कानाखाली मी पहिल्यांदाच बघत होतो. आत लालभडक सूज होती. काळपट-तपकिरी चिकटा सगळीकडं भरलेला, ओली तपकीर थापल्यासारखा. आणि वास. तोच. ज्याच्यासाठी मी मोरी उपसली होती, फिनेल ओतलं होतं, एका सज्जन माणसाचे बूट उन्हात मारले होते, तो वास माझ्या पायाशी हार घालून बसला होता.

राजूबाई म्हणाल्या, "दवाखान्यात न्या."

मी म्हटलं, "नेतो की." पण कुत्र्यातलं सगळं कळणारा माणूस एकदम दवाखान्यात कसा जाईल? माझ्या लहानपणी कान दुखला की लसूण घालून कोमट केलेलं तेल कानात सोडायचे. मी तेच केलं. विजयश्री बाजारात गेली होती, तेवढ्यात उरकून घेतलं. तेल ओतलं, आणि मळ वर येईना म्हणून कापूस लावलेली काडी आत घातली.

भास्कर असा केकाटला, की शेजारची फुलवाली बसम्मा धावत आली. त्यानं माझा अंगठा तोंडात धरला. दात लागू दिला नाही, नुसता धरला, माझ्याकडं बघितलं, आणि सोडून दिला. मग मागच्या खोलीतल्या पलंगाखाली जाऊन भिंतीला चिकटून बसला.

विजयश्री आली तेव्हा घरात लसणाचा वास आणि मी पलंगाखाली वाकून बोलत असलेला. तिनं पातेलं बघितलं, काडी बघितली. "तुमच्या ठणकत्या कानात कुणी आसं तेल वतलं तर?"

"कोमट होतं," मी म्हटलं.

ती तडक पलंगापाशी गेली. फरशीवर पालथी पडली आणि हात पुढं करून तशीच राहिली. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ती जमिनीवर अशी पालथी पडलेली मी कधी बघितली नव्हती. बऱ्याच वेळानं भास्करनं नाक तिच्या हातावर टेकवलं. त्या दिवशी जेवताना तिनं मला वाढलं, पण पुरेसं झालं का हे विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अफजलपूरच्या जनावरांच्या दवाखान्यात गेलो. स्कूटरवर मी पुढं, विजयश्री मागं, मध्ये शालीत गुंडाळलेला भास्कर. दवाखान्याच्या अंगणात म्हशी, शेळ्या, एक लंगडा बैल. डॉक्टर म्हणजे प्रेरणा नावाच्या तरुण बाई. मी कानडीत सुरुवात केली, तर त्या मराठीतच म्हणाल्या, "बोला की अण्णा. मी बिदरकडची, कमठाण्याची." मला हायसं वाटलं. कानडीत खोटं बोलायला मला अजून अडखळायला होतं.

"कानात काही घातलं होतं का?"

"काही न्हाई," मी म्हटलं.

त्यांनी कानाजवळ नाक नेलं. "फोडणीचा वास यायलाय."

विजयश्रीनं सगळं सांगितलं. तेल, लसूण, काडी, हार, रांग, नवस, सगळं. डॉक्टरबाई ऐकत होत्या आणि भास्करचं डोकं हळूहळू कुरवाळत होत्या. मग त्यांनी दिव्याची नळी कानात घालून बघितलं, चिकटा काचेवर घेऊन आतल्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली तपासला आणि परत येऊन म्हणाल्या, "नशीब, पडदा शाबूत हाय. बुरशी झालीय. दोन्ही कानांत, पण डाव्यात लई."

"पण झाली कशानं?" विजयश्रीनं विचारलं.

"आपल्या कानाचा रस्ता जवळपास सरळ आत जातो. कुत्र्याचा आधी खाली उतरतो आणि मग आत वळतो. पाणी गेलं की वळणावर साचून राहतं. त्यात ह्याचे कान लोंबते, म्हणजे वरून झाकण. आत ओल, ऊब, अंधार. पीठ आंबायला आणखी काय लागतं? रोज नदीत जातो का?"

"रोज," मी म्हटलं. संगमस्नान हा शब्द मी वापरला नाही.

"आणि खातो काय?"

विजयश्री म्हणाली, "पेढे."

डॉक्टरबाईंनी मान हलवली. गोड बंद, म्हणाल्या. काही कुत्र्यांना खाण्यातलं काही बाधलं तरी कानाची खाज सुटते, त्यावरही लक्ष ठेवा. काडी कधीच घालायची नाही, ती मळ काढत नाही, आणखी आत ढकलते. तेल नाही, लसूण नाही, घरातलं कुठलंच नाही.

मला एक विचारायचं होतं आणि विचारवत नव्हतं. शेवटी विचारलं. "डॉक्टर, ते ढोल वाजल्यावर मान वाकडी करणं..."

"ठणकत होतं, अण्णा. दुखऱ्या बाजूला मान झुकते. आणि सुजलेल्या कानाला मोठा आवाज सोसत नसणार."

त्या साध्या आवाजात बोलल्या, रागावल्या नाहीत.  बाहेर लंगड्या बैलाच्या गळ्यातली घंटा वाजत होती. मी टेबलावरच्या भास्करकडं बघितलं. रोज संध्याकाळी तो त्या पायरीवर दुखणं घेऊन उभा होता, आणि आम्ही हात जोडून त्याच्या दुखऱ्या कानाशी आपापली दुखणी सांगत होतो. पळून जायचा त्याचा विचार असणार. मी हाराला धरून ठेवायचो.

डॉक्टरबाईंनी कान धुऊन दाखवला. कानाची पाळी वर धरायची, धुवायचं औषध आत भरेपर्यंत सोडायचं, मग कानाच्या बुडाशी, जबड्यामागं, बोटांनी हळू चोळायचं. आतून पचपच आवाज यायला हवा. "आता सोडा, त्याला डोकं झाडू द्या," असं म्हणून त्या दोन पावलं मागं सरकल्या. विजयश्रीही सरकली. मी का सरकलो नाही, ते मला अजून कळलेलं नाही. भास्करनं डोकं झाडलं आणि माझा पांढरा सदरा, चष्मा आणि उघडं तोंड, सगळीकडं त्याच्या कानातला ऐवज पोचला.

"मग कापसानं पुसायचं," डॉक्टरबाई हसू दाबत म्हणाल्या. "बोट जाईल तेवढंच. त्याच्या आत न्हाई. आणि मग हे थेंब."

उजवा कान त्यांनी माझ्याकडून करून घेतला. ह्या वेळेला मी वेळेवर मागं सरकलो. त्यांनी औषध लिहून दिलं, पुन्हा दाखवायला कधी यायचं ते सांगितलं, आणि बरं वाटलं म्हणून मध्येच थेंब बंद करू नका असं दोनदा बजावलं. दोन्ही वेळा माझ्याकडं बघून.

घरी पहिल्या दिवशी मोठा तमाशा झाला. बाटली दिसली की भास्कर पलंगाखाली. मी त्याला समजावत होतो. औषधानं काय फायदा होतो, डॉक्टरबाई किती चांगल्या आहेत, आपण दोघांनी कसं सहकार्य करायला हवं. जितकं बोलू तितका तो आत सरकायचा.

विजयश्री म्हणाली, "तुम्ही गप्प बसा बरं."

"अगं, धीर देतोय त्याला."

"तुमच्या बोलण्याचा तरास व्हायलाय त्याला. तेल वततानाबी तुम्ही आसंच बोलत आसणार."

हे खरं होतं. मी गप्प बसलो. पलंगाजवळ फरशीवर, पाठ भिंतीला लावून. सोपं नव्हतं. दारातून एक पाहुणा विचारून गेला, अक्कलकोटची बस कुठून मिळते, आणि मी नुसता हात दाखवला. तो बिचारा मला मौन आहे असं समजून नमस्कार करून गेला. मग भास्कर बाहेर आला, माझ्या मांडीला टेकून बसला, आणि विजयश्रीनं कानात औषध सोडलं. मी बुडाशी चोळत राहिलो. पचपच आवाज आला. आम्ही दोघांनी एकमेकांकडं असं बघितलं, जसं नातवाला पहिला दात आलाय.

इकडं पायरीवर लोक यायचे थांबले नव्हते. मी सतरंजी उचलली आणि पुठ्ठ्यावर लिहून लावलं, "कुत्र्याच्या कानात बोलू नये. औषध चालू आहे." खाली विजयश्रीनं कानडीतही लिहिलं. त्यानं गर्दी वाढली. जो कुत्रा सहज दिसत होता, तो आता मनाई असलेला कुत्रा झाला. बार्शीहून आलेल्या एका गाडीतल्या लोकांना मी उभं राहून सांगितलं, "तो आरती ऐकत नव्हता. त्याचा कान ठणकत होता. मला कळलं नाही."

एक आजोबा कौतुकानं म्हणाले, "केवढा नम्रपणा! देव आपलं गुपित असंच झाकतो."

"देव न्हाई हो, बुरशी," मी म्हटलं.

एक बाई मात्र चिडल्या. "मग मी मागच्या वेळेला सांगितलं, ते पोचलं का न्हाई?" डॉक्टरबाईंनी ते धुऊन काढलं असावं, असं माझ्या ओठावर आलं होतं. आयुष्यात फार कमी गोष्टी मी ओठावरून परत नेल्यात, त्यातली ही एक. मी त्यांना देवळाचा रस्ता दाखवला. तिथं ऐकणारा आहे, म्हटलं.

थेंब चालू राहिले. चिकटा कमी झाला, मग सूज उतरली, मग वास गेला. एका संध्याकाळी ढोल सुरू झाला आणि भास्कर पायरीवर सरळ मान ठेवून माझी एक चप्पल चावत पडला होता. ढोलाशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. मला केवढा आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण खरं सांगायचं तर आत कुठंतरी किंचित खट्टूही वाटलं. माझा सेवेकरी गेला होता आणि मागं एक साधा कुत्रा उरला होता. मी वाकून त्याची मान जरा डावीकडं होते का ते बघत होतो, तेव्हा मागून विजयश्रीचा आवाज आला, "काय करायलाव?"

"काही न्हाई. सूज बघतोय."

पुन्हा दाखवायला गेलो तेव्हा डॉक्टरबाईंनी नळीतून बघून थेंब बंद केले. कानाच्या तोंडाशी वाढलेले केस कातरून दिले. मी मोठ्या उत्साहानं सांगितलं, की आता मी रोज दोन्ही कान धुवत जाणार आहे. त्या म्हणाल्या, "अण्णा, घासून भांडं चमकतं, कान न्हाई. जास्त धुतला तरी आतली कातडी बिघडते. आठवड्यातून एकदा उचलून बघा. लाल न्हाई, वास न्हाई, खाजवत न्हाई, तर हात लावू नका. पाण्यात गेला तर मात्र त्याच दिवशी कोरडा करा." म्हणजे माझी अडाणीपणाची खोड गेली तर हुशारीची लागली होती, एवढाच फरक.

जेवताना कान ताटलीत पडू नयेत म्हणून विजयश्रीनं माझ्या जुन्या पायजम्याच्या पायाचं एक टोपरं शिवलं. ते डोक्यावरून ओढलं की दोन्ही कान मागं बांधले जातात. बसम्मा ते बघून म्हणाली, "हुबेहूब माझी सासू." भास्कर ते घालून मुकाट्यानं जेवतो आणि झालं की माझ्यापुढं येऊन उभा राहतो. काढा म्हणतो. पेढे बंद झाल्याचा राग मात्र त्यानं अजून मनात ठेवलाय. मधुकरीच्या वेळेला तो मुद्दाम माझ्याकडं पाठ करून बसतो.

नदी बंद करणं जमलं नाही. औषध होतं तोवर बांधून ठेवला, तेव्हा सगळ्या गल्लीनं त्याचं रडणं ऐकलं. बरा झाल्यावर पहिल्याच सकाळी तो पाहुण्यांच्या रिक्षात चढून बसला आणि उतरेना. म्हणून आता मीही जातो. सकाळी माणसं संगमावर बुडी मारून डोळे मिटून उभी असतात, आणि मी पायऱ्यांवर टॉवेल, कापूस आणि धुवायच्या औषधाची बाटली घेऊन बसलेला असतो. काहींना वाटतं मी तीर्थ विकतो. एका बाईनं ओंजळ पुढं केली होती.

मागच्या पावसाळ्यात उजव्या कानाची कड जराशी लाल दिसली. वास नव्हता, चिकटा नव्हता, फक्त तो एकदा पायानं खाजवून गेला. मी विजयश्रीला हाक मारली, स्कूटर काढली, आणि त्याच सकाळी अफजलपूरला गेलो. डॉक्टरबाई म्हणाल्या, लवकर आणलंत, थोडक्यात निभावेल. आणि निभावलं. घरी येताना विजयश्री मागून म्हणाली, "बरं बघितलंव तुम्ही." एवढंच. मी स्कूटर हळू चालवली.

आज सकाळचीच गोष्ट. भास्कर पाण्यातून बाहेर आला, पायऱ्या चढून माझ्यापाशी आला आणि अंग झाडलं. मी आता लांब बसतो, तरी चष्म्यावर थेंब आलेच. मग तो जवळ येऊन बसला. मी उजवा कान उचलला, आत बघितलं, कापसानं ओल टिपून घेतली. तो झाला तसं त्यानं आपणच डोकं फिरवून डावा पुढं केला. शेजारी ओलं धोतर पिळत उभ्या असलेल्या एका पाहुण्यानं विचारलं, "हे काय करताय?" मी उत्तराला तोंड उघडलं. तेवढ्यात वरून रिक्षावाला ओरडला, "अण्णा, चला की री! माणसं थांबलीत!"

"थांब जरा," मी म्हटलं. "डावा राहिलाय."